कुणाची वाटी

बसा. पाठ भिंतीला टेकू द्या.

बेळगावातल्या शहापूरची संध्याकाळ आहे. गल्लीत कुठेतरी माग चालू आहे. खटक-खटक. खटक-खटक.

आवाज येतोय, तर येऊ द्या.

श्वास आत येतो, बाहेर जातो. धोट्यासारखा. इकडून तिकडे. तिकडून इकडे.

डोळे मिटा.

आता एक परस बघा. फार लांबचं, अमेरिकेतलं. रात्र आहे. धुकं आहे. दहा वर्षांचा एक मुलगा खुर्चीत बसलाय. अंगावर पांघरूण, हातात बॅटरी.

हा ‘ई.टी.’ सिनेमा आहे. १९८२ सालचा, स्टीव्हन स्पीलबर्गचा. लहानपणी घरच्यांना चिकटून बसून पाहिला असेल. नसेल पाहिला, तरी चालेल. आपल्याला एवढं परस पुरे.

मुलाचं नाव इलियट. त्याचे वडील घर सोडून गेलेत.

इथे परसात त्याला कुणीतरी दिसलंय. त्या कुणासाठी तो रानात जाऊन रंगीत गोळ्या टाकून आलाय. आता वाट बघतोय.

त्याच्याजवळ बसा. तुम्हीही वाट बघा.

श्वास आत. श्वास बाहेर.

धुक्यातून कुणी बुटकं पुढे येतं. परग्रहावरचं. सोबतचे यानातून निघून गेलेत, हे एकटं मागे राहिलंय. मुलाच्या तोंडून आवाज फुटत नाही.

लांब बोटांचा हात पुढे होतो. पांघरुणावर गोळ्या ठेवतो. मुलानेच टाकलेल्या गोळ्या.

थांबा. त्या हाताकडे बघा.

कुणी नाव विचारलेलं नाही. गाव विचारलेलं नाही. भाषा तर नाहीच. जे मिळालं होतं, त्यातलं त्याने आणून ठेवलंय.

अजून थोडं बघा.

या सिनेमात कॅमेरा मुलांच्या उंचीवर असतो. मोठी माणसं बराच वेळ कमरेपर्यंतच दिसतात. एकाच्या कमरेच्या किल्ल्या तेवढ्या वाजतात. चेहरा दिसतो तो आईचा.

आपणही तेवढंच खाली बसूया. तिथून आपली गल्ली बघूया.

उंबरा दिसतो. रांगोळीचा कोपरा. शहापुरी लुगड्याचा काठ. आणि दोन हातांत धरलेली वाटी.

शेजारच्या अक्का आल्यात. त्या कन्नड बोलतात. आई मराठी बोलते. ‘अक्का’ मात्र दोन्हीकडची.

अक्का म्हणतात, हुग्गी. आई म्हणते, गव्हाची खीर. वाटीतून वाफ येते. वेलदोड्याचा वास येतो.

तो वास आत घ्या. सावकाश.

दोन दिवसांनी वाटी परत जाते. घासून, पुसून. पण मोकळी नाही. मोकळं भांडं परत द्यायचं नसतं. मूठभर शेंगा असतात, नाहीतर गुळाचा खडा.

घरातलं लहान मूल ती वाटी घेऊन निघतं. दोन्ही हातांनी धरून, पायाखाली बघत.

ते मूल तुम्ही आहात. वाटीचं वजन हाताला जाणवू द्या.

श्वास आत. श्वास बाहेर.

पुन्हा एकदा त्या सिनेमात, रानात जाऊया. यान परत आलंय. पाहुणा मुलाला बोलावतो, चल. मुलगा त्याला म्हणतो, राहा. दोघांनाही ते जमणारं नाही, हे दोघांनाही कळतं.

चित्रीकरण बरंचसं कथेच्या क्रमानेच झालं होतं. निरोपाच्या वेळी काम करणारी मुलं खरोखरच रडली.

तुम्हालाही रडू आलं, तर थोपवू नका. तुमचं कुणाचं आठवलं, तर आठवू द्या.

पाहुण्याच्या बोटाच्या टोकाशी उजेड होतो. बोट मुलाच्या कपाळाजवळ येतं. आणि निघताना धाकट्या बहिणीने दिलेली फुलांची कुंडी त्याच्या हातात असते.

तोही मोकळ्या हाताने जात नाही.

बघत राहा. यान वर जातं. मुलगा खाली उभा आहे. कपाळ अजून उबदार आहे.

गल्लीतला माग आता थांबलाय. श्वास चालू आहे.

डोळे उघडायची घाई नाही. आत ऐका.

कुणाची वाटी तुमच्याकडे राहिली आहे?

चेहरा येईल. येऊ द्या.

त्या वाटीत काय ठेवायचं, तेही हळूहळू सुचेल.