गळ कोणत्या वेळी टाकावा?

निवृत्तीनंतर आपल्यातील कित्येक पुरुष मंडळींना, आणि आताशा काही भगिनींनाही, गळ टाकण्याचा छंद जडलेला दिसतो. कोणी किनेरेथच्या काठी जातात, कोणी पैसे भरून मासे धरू देणाऱ्या तळ्यावर जातात. असे दोघे भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : वेळ कोणती चांगली? प्रश्न साधा आहे. परंतु मला वाटते, त्यात एक दुसरा प्रश्न दडलेला आहे. चांगली, पण कोणाला?

प्रथम जाणकारांचे उत्तर पाहू. ते सांगतात, सूर्य उगवल्यानंतरचा तास-दीड तास आणि संध्याकाळी सूर्य मावळण्याच्या आगेमागे. याला कारणे आहेत. मंद उजेडात किडे पाण्यावर उतरतात, लहान मासे काठाशी येतात आणि त्यांच्या मागोमाग मोठे येतात. उन्हाळ्यात भर दुपारी काठचे पाणी तापते व मासा खोल जातो; शिवाय किनेरेथवर दुपारनंतर पश्चिमेचा जोराचा वारा सुटतो. ढगाळ दिवशी ही चांगली वेळ लांबते. हिवाळ्यात मात्र उलट. माशाचे अंग पाण्याइतकेच थंड असल्यामुळे दुपारचे ऊन पडल्यावरच तो हालचाल करतो.

थोडक्यात, मासा भुकेला आणि बेसावध असतो ती आपली चांगली वेळ. माझ्या नातवाने एकदा हिब्रूत विचारले, “आजी, त्याला भूक लागते तेव्हाच त्याला फसवायचे का?” मुलांच्या प्रश्नाला हसून उत्तर देणे सोपे असते. मी मासे खाते. परमेश्वराने पर व खवले असलेला मासा आपल्याला खाण्यास दिला आहे, आणि बांगड्याच्या कालवणाशिवाय आमच्या घरी सण झाल्यासारखे वाटत नाही. तेव्हा मासा धरूच नये असे मी म्हणणार नाही. परंतु धरावयाचा आहे म्हणून कोणतीही वेळ चालेल, असेही नाही.

मी चाळीस वर्षे परिचारिका होते. इस्पितळात वेळेला फार महत्त्व. पण एक वेळ रुग्णाच्या गरजेची असते आणि एक वॉर्डाच्या सोयीची. झोपलेल्या रुग्णाला झोपेची गोळी देण्यासाठी उठवू नये, हे आम्हा नर्सेसमध्ये थट्टेने सांगत असत. पण त्या थट्टेत शहाणपण होते. मासा काही आपला रुग्ण नव्हे, आणि गळ टाकण्याची कोणतीही वेळ त्याच्या हिताची असू शकत नाही. तरीही त्याच्या भुकेची वेळ आणि त्याच्या संकटाची वेळ यांत फरक आहे.

संकटाची वेळ म्हणजे काय? पाण्यातील झाडे व शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतात, रात्री तोच वापरतात. म्हणून साचलेल्या तळ्यात ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो अगदी पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वी. त्यातून पाणी कोमट असले तर आणखी कठीण. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. ३० अंशांना साडेसातच. अशा वेळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. पाहणाऱ्याला वाटते, मासे वर आले, जाळे टाका! दम्याचा रुग्णही पहाटे चारच्या सुमारास असाच कासावीस होतो. ज्याने ते तोंड पाहिले आहे त्याला या वेळेचा फायदा घ्यावासा वाटणार नाही. आणि “आम्ही धरून पुन्हा सोडतो” असे म्हणणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की ऑगस्टच्या तापलेल्या पाण्यात झुंजून थकलेला मासा सोडला, तरी पुष्कळदा तो मरतो. ती दया दिसायला दया असते.

दुसरी वेळ पिलांची. किनेरेथचा अम्नून, ज्याला येथील अरब मुश्त म्हणतात, आपली अंडी आणि पिले तोंडात बाळगतो. त्यात आई आणि बाप दोघेही भाग घेतात. त्या काळात ते खातातही फार थोडे. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात घरट्यातील पिलांबरोबर आईलाही धरू नये, अशी आज्ञा आहे. ती पक्ष्यांविषयी आहे, माशांविषयी नव्हे. परंतु ज्यांची कबर याच किनेरेथकाठी तिबेरियात दाखवितात, त्या रामबामनी लिहिले आहे की पिलांसाठी आईला होणाऱ्या वेदनेत मनुष्य आणि जनावर असा भेद नाही. आपल्या कोकणात पहिल्या पावसाला वलगणीचे मासे ओढ्यातून वर चढत, तेव्हा सारा गाव टोपल्या घेऊन धावे. गाभोळीने भरलेला मासा हाताने धरता येई. जे सहज मिळते ते घ्यावे असे तेव्हा वाटे; परंतु वर चढणारे सगळेच टोपलीत गेले, तर पुढच्या वर्षी ओढ्यात काय राहणार?

तिसरी वेळ आपल्या हाती नाहीच. शब्बाथाच्या ३९ निषिद्ध कामांत सजीव पकडणे हे एक आहे. आठवड्यात सात पहाटा आणि सात सांजा, म्हणजे चौदा चांगल्या वेळा. त्यांतून शुक्रवारची सांज, शनिवारची पहाट आणि तारे दिसेपर्यंतची शनिवारची सांज वजा करा. अकरा उरतात. आपले पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्या दिवशीही तीळ होते, बैलही होता. तरी घाणा थांबे. हाताशी आलेली संधी सोडून देणे हा त्यांच्या ओळखीचाच भाग झाला.

अठराव्या शतकात प्राग शहरातील खाखाम येहेझ्केल लांडाऊ (१७१३–१७९३) यांना वने आणि नद्या असलेल्या एका जमीनदाराविषयी विचारण्यात आले : त्याने बंदुकीने शिकार करावी काय? त्यांचे उत्तर असे होते की गरजेसाठी मारण्याची मोकळीक आहे, पण केवळ करमणुकीसाठी जीव घेणे यहुदी माणसाला शोभत नाही.

तेव्हा माझे उत्तर असे : सूर्य वर आल्यावर जा, घरी लागतील तेवढेच धरा आणि धरलेला मासा तडफडत न ठेवता लगेच संपवा. लहान असेल तर ओल्या हाताने, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर न पुसता, गार पाण्यात सोडा. पिलांच्या हंगामात काठी घरी ठेवा. चांगली वेळ ओळखणे ही हुशारी आहे. ती वेळ ओळखूनही कधी कधी हात आवरणे, याला आपण माणुसकी म्हणतो.