मीटरची केबल आणि कुमारिल

प्रामाण्यवाद शिकवायचा म्हटलं की वर्गात शिंपल्यावर भासणारी चांदी आणि वाळवंटातलं मृगजळ ही दोनच उदाहरणं निघायची. साताऱ्याच्या मुलांनी वाळवंट पाहिलेलं नसे, आणि शिंपल्याला चांदी समजून उचलणारा माणूस मलाही कधी भेटला नाही. याहून बरं उदाहरण माझ्या दारात उभं आहे. वडिलांनी घेतलेली १९७८ सालची प्रीमिअर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. तिची मीटरची केबल वाजायला लागली आणि सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांशी असलेलं माझं जुनं भांडण पुन्हा उकरलं गेलं.

भांडण असं. एखादी गोष्ट कळली, तर ती खरी कशावरून? कुमारिल आणि त्यांच्या पंथाचे मीमांसक म्हणतात, कळली की खरी धरा. खोटी ठरवायला मात्र कारण दाखवा. ते कारण दोन तऱ्हेचं: एक तर पुढच्या अनुभवाने ती खोडली गेली, नाहीतर ज्यातून ती कळली त्या साधनातच दोष सापडला. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे मान्य नाही. खरेपणासुद्धा बाहेरूनच ठरायला हवा, असं त्यांचं म्हणणं. पाणी दिसलं, गेलात, प्यालात, तहान भागली, मग ते पाणी. मी शिकवताना कायम न्यायाच्या बाजूने उभी राहिले. गाडी चालवताना मात्र काट्याने ६० दाखवले की ६०च. तिथे तहान भागायची वाट कोण बघतो?

केबल वाजायला लागली ती ऐन थंडीत. तीसच्या पुढे डॅशबोर्डातून चिर्रचिर्र, चाळीसला टकटक, आणि काटा ४० ते ५५ असे हेलकावे खाणारा. शेजारी बसलेल्या बहिणीने निकाल देऊन टाकला, "ताई, मीटर गेलं तुझं. आता त्याच्यावर विसंबू नकोस." साधन बिघडलं, सांगणं बाद. कुमारिलांचा कारणदोष याहून नेमका सापडणं अवघड.

आमचे मिस्त्री तसं म्हणाले नाहीत. त्यांनी बॉनेटही उघडलं नाही. डॅशबोर्डाखाली हात घालून मीटरमागचा खाचांचा नट बोटांनीच सैल केला आणि आवरणातून आतली पोलादी तार हळूहळू बाहेर ओढली. जुनं ग्रीस वाळून काळं झालेलं. रॉकेलच्या फडक्याने पुसून त्यांनी ती शहाबादी फरशीवर तळहाताखाली लोळवली. कुठे मुरड पडलेली असती तर तेवढ्या जागी तार टणकन उडाली असती. उडाली नाही. "वायर सरळ हाय मॅडम, नुसती सुकलीया. आणि रेडिओ बसवणाऱ्यानं बघा कशी मुडपलीया." केबल एका पत्तीमागे जवळजवळ काटकोनात दाबलेली होती. ते वळण त्यांनी मोठं केलं, तारेवर ग्रीसचा पातळ हात फिरवला आणि वरची चार बोटं मुद्दाम कोरडी ठेवली. तारेला पीळ असतो. फिरता फिरता तो पीळ ग्रीस वर चढवतो, आणि ते मीटरमध्ये शिरलं की काटा जड होऊन बसतो.

मी विचारलं, "म्हणजे इतके दिवस काटा खोटं सांगत होता?"

"खोटं कसं सांगंल? गिअरबॉक्स जेवढी फिरवंल तेवढीच वायर फिरणार की."

या उत्तरापाशी मी अडून बसले. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाशी असलेलं दातेरी चक्र केबल फिरवतं. केबल मीटरमधलं लोहचुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनिअमची वाटी असते. चुंबक तिला कुठेही शिवत नाही, तरी त्याच्या फिरण्याने वाटीत वीजप्रवाह गरगरू लागतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. एक नाजूक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे थबकते तिथे काटा. ओटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसाने १९०२ साली या युक्तीचं पेटंट घेतलं होतं. खालचे किलोमीटरचे आकडे मात्र चुंबकाच्या भानगडीत पडत नाहीत. ते केबलचे फेरे थेट दात्यांनी मोजतात. सुकलेली केबल आवरणात अडते, पिळली जाते आणि एकदम सुटते, म्हणून काटा नाचतो. पण या सगळ्यात एकही फेरा गहाळ होत नाही. नाचणाऱ्या काट्याची सरासरी बरोबर, किलोमीटर तर पैशाला पैसा बरोबर. दोष होता, कानाला ऐकू येत होता, आणि बातमी तरीही खरी होती.

असाच ऐकू येणारा दोष घरातही भेटतो. आमच्याकडे श्रावणी सोमवारी रुद्र म्हणायला एक वयस्कर गुरुजी येतात. त्यांना दम्याचा त्रास आहे. मध्येच धाप लागते, खोकला येतो, एखादं अक्षर अर्धवट राहिलं तर मागे जाऊन पुन्हा म्हणतात. माझा भाचा पुण्यात इंजिनीअर आहे. तो म्हणाला, "मावशी, यांना धड म्हणताही येत नाही. हजारो वर्षं असंच आलं असेल, तर मूळचं काय उरलं असणार?" प्रश्न रास्त आहे. पण या वेदपाठी मंडळींनी आपल्या केबलची काळजी कशी घेतली ते बघण्यासारखं आहे. जटापाठात दोन पदं सरळ म्हणायची, मग उलट, मग पुन्हा सरळ. घनपाठात तिसरं पद घेऊन हाच खेळ आणखी वाढवायचा. एवढ्या उलटसुलट फेऱ्यांत अक्षर घसरलं तर शेजारी बसलेल्याच्या कानाला ते खटकणारच. चूक झाली की ती वाजलीच पाहिजे, अशी ही रचना. गुरुजींचं मागे जाऊन पुन्हा म्हणणं भाच्याला दोष वाटलं. मला ती व्यवस्था चालू असल्याची खूण वाटते.

अर्थात, अक्षरं नेमकी पोचली म्हणून त्यातलं म्हणणं खरं ठरत नाही. केबलने फेरे नेमके आणले तरी ते वाचणारी स्प्रिंग वेगळी असते.

ते केबल दुरुस्त झाल्यावर पुढच्याच आठवड्यात समोर आलं. केबल गप्प झाली, काटा ठाम झाला. कऱ्हाडच्या वाटेवर काटा ६०वर धरला आणि बहिणीला घड्याळ बघायला सांगितलं. ६०च्या वेगाला किलोमीटरला एक मिनिट लागायला हवं. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत ६६ सेकंद लागले. म्हणजे खरा वेग ५५ देखील नाही. किलोमीटरचे आकडे दगडांशी जुळत होते, तेव्हा टायर बरोबर, केबल बरोबर. मीटरमधली स्प्रिंग सैल पडलेली. कधीपासून, देव जाणे. तिने कधी हूं की चूं केलं नव्हतं.

आमच्या पेठेत एक प्रवचनकार येतात. गळा असा गोड की रस्त्यावरची माणसं थांबतात. त्यांनी ज्ञानेश्वरीतली म्हणून एक ओवी सांगितली आणि बायकांनी ती वहीत उतरवून घेतली. मी अठराही अध्याय धुंडाळले. ती त्यात नाही. तिथे कुणाला धाप लागली नव्हती, कुणी मागे जाऊन पुन्हा म्हटलं नव्हतं. धर्मात माणसं फसतात ती बहुतेक अशा ठाम काट्यापाशी. खोकणाऱ्याला आपण प्रश्न विचारतो, गोड गळ्याला नाही.

कुमारिलांवर अन्याय नको. दोषाची शंका आली की ज्ञान टाकून द्या, असं ते म्हणत नाहीत. तपासा, दोष टिकला नाही तर पहिलं ज्ञान आपल्या पायांवर उभं राहतं. आणि हा तपास तीन-चार पायऱ्यांच्या पुढे नेण्याचं कारण नाही, असंही त्यांनी सांगून ठेवलंय. शिकवताना मला ही पळवाट वाटायची. आता दगडांचंच बघा. रस्ता रुंद करताना ते हलवले नसतील कशावरून? भाच्याने फोन पुढे केला. फोन म्हणाला ५४. पण फोन ज्या उपग्रहांवर विसंबतो त्यांची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, आणि ती दुरुस्ती कुणीतरी आधी हिशेबात धरलेली असते. त्या हिशेबाचा हिशेब कोण तपासणार? न्यायाच्या वाटेने गेलं तर मी अजून कऱ्हाडलाच पोचले नसते.

घड्याळ, दगड, फोन. तीन झाले. मीटर काढून मिस्त्रींच्या हवाली केलं. स्प्रिंगचं काम करणारा माणूस त्यांच्या माहितीत आहे. तोवर डॅशबोर्डाला भोक आहे आणि भाचा फोन लावायचा आग्रह धरून बसलाय. गुरुजींना मात्र येत्या श्रावणात विचारायचं आहे, जटा म्हणताना धाप लागली तर श्वास कुठल्या पदापाशी घ्यायचा. त्याचाही नियम असणार.