किती पैसे द्यायचे?

बुलडाणा जिल्ह्यात सोयाबीन आणि कपाशीचा पैसा हातात येतो तो दसरा-दिवाळीच्या आसपास, नाहीतर त्याच्याही पुढे. खर्च मात्र दर आठवडी बाजाराला असतो. मृगाच्या तोंडावर बी-बियाणं, पाठोपाठ पोरांच्या वह्या-पुस्तकं, मध्येच नात्यातलं लग्न. अशा घरात बाईच्या मनात येतं, दर आठवड्याला थोडे तरी आपल्या हातचे पैसे यावेत. छोट्या धंद्यामागे बहुतेक घरांत एवढीच इच्छा असते.

उन्हाळ्यात रान मोकळं असतं आणि ऊन कडक. चिखली, मेहकर, मोताळ्याकडे अंगणात, गच्चीवर, खाटेवर कुरडया आणि शेवया वाळत असतात. हाताला कसब आहे, वेळही आहे. तरी धंदा उभा राहतो तो कुणीतरी विचारल्यावर. "काकू, आमच्याही दोन किलो कराल का? किती पैसे द्यायचे?" यातला दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे. काकू हमखास म्हणणार, "राहू द्या ना, पैशाचं काय घेऊन बसलात!" तेव्हा ऐकू नये. कुरडईचा गहू दोन-तीन दिवस पाण्यात असतो, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा, गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा. गहू आणि सरपणाचा हिशेब सगळे करतात. या पहाटेची मजुरी घरची बाई स्वतःही धरत नाही. ती आपण धरावी.

मुंबईच्या गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात जणी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पुढे त्याचंच 'लिज्जत' झालं. मला त्यातली 'सात जणी' ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडच्या बचत गटांतही तेच दिसतं. कर्जाची सोय हे गटात येण्याचं कारण आहेच, पण सोबत हे त्याहून मोठं कारण असावं. एकटीला आपल्या मालाचा भाव सांगताना संकोच वाटतो. दहा जणींनी मिळून ठरवलेला भाव सांगताना जीभ अडखळत नाही.

आज कामावर निघताना आपल्या गल्लीतलं असं एखादं घर आठवून पाहा. कुणी मसाला कुटून देत असेल, कुणी डबे, कुणी साडीला फॉल-पिको. जाता-जाता भाव विचारा, घासाघीस न करता द्या आणि काम आवडलं तर ऑफिसात दोघांना सांगा. पुढच्या आठवड्याचं सामान किती भरायचं, हे तिला त्यावरूनच ठरवायचं असतं.