हिशेब मागणे हेही कर्तव्य



सण पार पडला की आपल्या धर्मग्रामात जमाखर्च वाचून दाखविला जातो. मंडपाला किती, बँडला किती, शिल्लक किती. एखादा आकडा जुळला नाही की आपण हात वर करतो. त्यात कुणावर अविश्वास नसतो. वर्गणीत आपलेही शंभर रुपये असतात, एवढेच.

मग ग्रामपंचायतीचा खर्च जिथे मांडला जातो, त्या ग्रामसभेला आपल्यापैकी किती जण जातात? नवे गटार सहा महिन्यांत फुटले, तरी आपण म्हणतो, ‘सरकारचा पैसा, सरकार बघून घेईल.’ इथेच आपली चूक होते. सरकारचा म्हणून वेगळा पैसा नसतो. घरपट्टी, पाणीपट्टी आपण भरतो. धुणीभांडी करणारी बहीण आयकर भरत नसेल, पण मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी तीही देते.

हा पैसा वाया गेला तर झळ कुणाला बसते? ज्याची ऐपत आहे तो खाजगी इस्पितळात जातो. आरोग्य केंद्रात औषध नसले, तर रिकाम्या हाताने परततो तो, ज्याला दुसरे दार नाही. आणि कर्ज काढून उधळपट्टी झाली, तर व्याज फेडायला उद्या आपलीच मुले असतील.

राजस्थानातील गरीब खेडुतांनी हे ओळखले. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना या गावी पहिली जनसुनावणी घेतली. अशा सुनावण्यांत सरकारी कामांची हजेरीपत्रके गावासमोर मोठ्याने वाचली जात. कामावर कधीच न गेलेल्यांच्या नावे मजुरी उचललेली निघे. कागदावर पुरी झालेली बांधकामे जागेवर अर्धवट दिसत. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही त्यांची घोषणा होती. १९९६ साली त्यांनी ब्यावर येथे ४० दिवस धरणे धरले. अशा अनेक लढ्यांतून माहितीचा अधिकार आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून तो लागू झाला. आज दहा रुपये भरून अर्ज केला, तर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही शुल्क नाही. कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा नमुना घेण्याचाही हक्क या कायद्याने आपल्याला दिला आहे.

पण दुसऱ्याचा हिशेब मागताना आपलाही तपासू या. ‘पावती नको, दोन पैसे कमी करा’ असे दुकानदाराला आपणच म्हणतो ना? नळाला चोरून मोटार आपणच लावतो ना? जो तिजोरीत भर घालताना हात आखडतो, त्याचा आवाज हिशेब मागताना चाचरतो.

फार मोठे काही करायला नको. पुढच्या ग्रामसभेला घरटी एकाने तरी जावे. ओरडायला नको, भांडायला नको. उभे राहून नम्रपणे एवढेच विचारावे: ‘सरपंच साहेब, आपल्या गटाराला किती खर्च आला आणि त्याची हमी किती वर्षांची होती?’ उत्तर मिळेपर्यंत मात्र खाली बसू नये.