एका श्वासाला एक अंश

बसा. घाई नाही.

खोलीतला दिवा मालवा. पडदा ओढून घ्या. फोन पालथा ठेवा, त्याची लुकलुक आत्ता नको.

टेबलावर हात पुढे करा. काहीतरी गार, गोल, खरखरीत बोटांना लागतं. उचला.

टॉर्च आहे. मुठीत मावते. घरीच जोडलेली, सगळे भाग वेगवेगळे आणून. आजची रात्र तिच्या चाचणीची.

अजून लावू नका.

आधी बोटांनी पाहा. नळीवर नर्लिंगच्या तिरक्या रेघा आहेत, लेथवर पाडलेल्या. त्यांवरून अंगठा सावकाश फिरवा. रेघा संपतात. मग एक गुळगुळीत पट्टा. मग गोल खाचा, एकीशेजारी एक. त्या खाचांत नख टेकवा आणि टॉर्च फिरवा. किर्र असा बारीक आवाज येतो. ऐका.

पुढे काच. मागे रबरी बटन. पोटात एक लिथियम-आयन सेल, १८६५० मापाचा. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. नावातच माप आहे. पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट.

एक श्वास घ्या. सोडा.

आता बटन हलकेच दाबा.

सगळ्यात मंद पायरी आधी लागते. मुद्दाम तशी ठेवली आहे. हा उजेड एका लुमेनहूनही कमी. इतक्या मंद उजेडातच हिच्या आत पाहता येतं, एरवी नाही. पूर्ण उजेडात काचेला डोळा लावायचा नाही. गंमत म्हणूनही नाही.

टॉर्च तिरकी धरा. रिफ्लेक्टरच्या तळाशी पाहा.

एक पिवळा चौकोन. मुगाच्या डाळीहून लहान.

इथे थांबा.

चौकोन पिवळा आहे. भिंतीवर पडलेला उजेड पांढरा आहे. दोन्हींकडे आळीपाळीने पाहा. पिवळा. पांढरा. पिवळा.

पिवळ्याच्या खाली निळा आहे. इंडियम गॅलियम नायट्राइडचे अतिशय पातळ थर, आणि त्यांतून वीज गेली की निघणारा निळा प्रकाश. वर पिवळ्या फॉस्फरचा लेप, त्यात किंचित सेरियम. थोडा निळा प्रकाश लेपातून तसाच निसटतो. बाकीचा लेपात मुरतो आणि पिवळा होऊन बाहेर येतो. दोघं एकत्र डोळ्यात शिरतात आणि आपण म्हणतो, पांढरा.

हा निळा फार उशिरा सापडला. डोळ्याला दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली केला. चमकदार निळा यायला १९९३ उजाडलं. जपानमधल्या शिकोकू बेटावर, निचिया कंपनीत, शुजी नाकामुरा यांच्या हातून. इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो नागोयात त्याच वाटेवर होते. तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मधली तीस वर्षं मनात धरा. मग सोडून द्या. पुन्हा चौकोनाकडे या.

हा चौकोन तांब्याच्या चकतीवर बसला आहे. तो कसा बसतो, तेही पाहू. डोळे मिटून पाहा.

एक सपाट तवा. मंद आच. तव्यावर नाण्याएवढी तांब्याची चकती. चकतीवर राखाडी सोल्डर पेस्टचा हलका थर. त्यावर चिमट्याने ठेवलेला एलईडी, जरासा वाकडाच.

काही होत नाही.

अजून काही होत नाही.

पाहत राहा.

पेस्ट कथील आणि बिस्मथची आहे. ती १३८ अंशांना वितळते. तेवढी आच पोचते आणि राखाडी कड एकदम चमकते. चमक एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकते. आणि एलईडी हलतो.

कोणी हात लावलेला नाही. वितळलेलं कथील पृष्ठताणाने त्याला आपल्याकडे ओढतं, आणि वाकडा चौकोन आपोआप सरळ होतो.

चिमट्याच्या टोकाने त्याला अगदी हलकेच ढकला. सोडा. तो जागेवर येतो. पुन्हा ढकला. पुन्हा येतो.

या सगळ्या कामात मला सर्वांत आवडतात ती ही दोन-तीन सेकंदं. (तो तवा मात्र परत स्वयंपाकघरात न्यायचा नाही.)

आच बंद करा. चमक पुन्हा मंदावते. एलईडी पक्का बसला.

मग चकतीखाली थर्मल पेस्ट, आणि चकती टॉर्चच्या डोक्यात घट्ट दाबून बसवलेली. धातूवर धातू कितीही दाबा, मध्ये हवेच्या बारीक फटी राहतातच, आणि हवेतून उष्णता फार कष्टाने जाते. तेवढ्या फटी भरायला पेस्ट. जाड थापली तर तिचाच अडसर होतो.

डोळे उघडा.

मुठीतली टॉर्च अजून गार आहे. खोलीएवढी. २६ अंश धरू.

तिचं तोंड छताकडे करा. तुमची नजर समोरच्या भिंतीवर असू द्या. टेबलावर एक साधा लक्समीटर पडलेला आहे. छतावरून परतलेला उजेड तो मोजतो.

श्वास घ्या. सोडा.

आता बटन दोनदा दाबा.

खोली दिसते. सगळी. छतावर पंख्याची पाती, कोपऱ्यातलं जळमट, पुस्तकांच्या पाठीवरची नावं. डोळे क्षणभर आखडतात, मग सैलावतात. साधारण १००० लुमेन. जुना साठ वॉटचा बल्ब ८०० च्या आसपास द्यायचा.

बोटं उजेडात झरझर हलवून पाहा. ती तुटक, वेगवेगळी दिसली तर ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, ती चालू-बंद करत उजेड देतोय. इथे बोटांची सलग धूसर पट्टी दिसते. ठीक आहे.

एवढं पाहिलं की बहुतेक लोक टॉर्च बंद करतात. वा म्हणतात आणि जेवायला बसतात.

आपण चालूच ठेवू.

आता डोळ्यांतलं लक्ष काढून घ्या. मनगटातून खाली उतरू द्या. तळव्यात आणून ठेवा.

तिथे राहा.

सेलमधून सुमारे १० वॉट निघतात. त्यातला एक तृतीयांशाच्या आसपास प्रकाश होऊन छतावर जातो. उरलेले साडेसहा-सात वॉट उष्णता होतात. जुन्या बल्बची उष्णता उजेडाबरोबर पुढे जायची. एलईडीची मागे उतरते. चौकोनातून कथिलात. कथिलातून तांब्यात. तांब्यातून पेस्टमध्ये, मग ॲल्युमिनियममध्ये. आणि तिथून, सावकाश, तुमच्या तळव्याकडे.

टॉर्चचं ॲल्युमिनियम साठेक ग्रॅम आहे. त्याला एक अंश चढायला साधारण ५४ ज्यूल लागतात. सात वॉटांनी तेवढे पुरवायला आठेक सेकंद.

आठ सेकंद म्हणजे सावकाश घेतलेला आणि सोडलेला एक श्वास.

घ्या. सोडा. एक अंश.

घ्या. सोडा. आणखी एक.

मूठ आवळू नका. नुसती धरा.

घ्या. सोडा.

घ्या. सोडा. चार झाले. अर्धं मिनिट उलटलं. मीटरवरचा आकडा आता वहीत टिपा. एएनएसआय एफएल१ हे टॉर्चचं मानक २००९ साली आलं, आणि त्यात लुमेन मोजायचे ते लावल्यावर किमान ३० सेकंद गेल्यावर. पहिल्या क्षणाचा झगमगाट धरायचा नाही. खोक्यावर लाखभर लुमेन छापणाऱ्यांनी हे मानक कधी उघडलं असेल, असं वाटत नाही.

असो. तळव्याकडे या.

घ्या. सोडा.

अजून गार आहे. पण मघाइतकी नाही. रेघांचा खरखरीतपणा तसाच, त्यामागचा गारवा मात्र उतरतोय.

घ्या. सोडा.

घ्या. सोडा. सात.

आता फार लक्ष द्या.

तळव्याची कातडी साधारण ३३ अंशांची असते. आणि धातूही आत्ता तिथेच पोचतो आहे.

काय लागतं हाताला?

गार नाही. गरम नाही. रेघा लागतात, वजन लागतं. धातू म्हणून काही लागतच नाही. आतापर्यंत हाताची ऊब टॉर्चमध्ये जात होती. थोड्या वेळाने टॉर्चची ऊब हातात येईल. या घडीला कुणाकडूनच कुणाकडे काही जात नाही.

हा क्षण लांबवता येत नाही. फक्त त्यात असता येतं.

असा.

घ्या. सोडा.

गेला तो क्षण. बोटांच्या पेरांना पहिली ऊब लागते. आधी डोक्याकडच्या बाजूला, अंगठा आणि तर्जनी जिथे आहेत तिथे. करंगळीपर्यंत अजून पोचलेली नाही. अंगठा आणि करंगळी. दोघांमधला फरक जाणा.

घ्या. सोडा.

इथून पुढे मोजणी जरा मागे पडते. एका श्वासाला पुरता एक अंश चढत नाही. खाचांवरून हवा थोडी उष्णता नेते. आणि तुम्ही नेता.

खरंच नेता. तळव्यात रक्त फिरतं आहे. ते धातूजवळून जातं, ऊब उचलतं, मनगटातून वर नेतं. हीच टॉर्च टेबलावर एकटी उभी ठेवली तर अधिक तापते. हातात धरली की कमी. हे मीटरवरही दिसतं: हातातल्या टॉर्चचा उजेड जास्त वेळ टिकतो.

चौकोन, कथील, तांबं, पेस्ट, ॲल्युमिनियम, कातडी, रक्त. सलग वाट आहे. एकदा वरून खाली चालून जा.

आणखी एकदा. सावकाश.

घ्या. सोडा.

ऊब आता सगळ्या मुठीत आहे. अजून सोसवते. अंगठा किंचित सरकू पाहतो. सरकू द्या.

घ्या. सोडा.

घ्या. सोडा.

४५ अंश झाले की ड्रायव्हरवरचा छोटा सेन्सर जागा होतो आणि करंट हळूहळू उतरवू लागतो. भिंतीकडे पाहा. काही बदललं?

नाही वाटत. खोली तेवढीच उजळ दिसते.

मीटरकडे पाहा. आकडा उतरतो आहे. पाचव्या हिश्शाने उजेड कमी झाला तरी, बदल सावकाश असेल तर डोळा तो खपवून घेतो. हात असं काही खपवून घेत नाही. करंट उतरला तशी ऊब वाढायची थांबली आहे, आणि ते आधी हाताने ओळखलं.

राहा थोडा वेळ. आता ऊब वाढत नाही, घटत नाही. आत येते तेवढीच बाहेर जाते.

घ्या. सोडा.

बंद करा.

अंधार. डोळ्यांपुढे हिरवट-जांभळा डाग तरंगतो. त्याच्या मागे धावू नका. नजर वळवली की तोही वळतो. विरू द्या.

टॉर्च हातातच ठेवा. आता ती निवते आहे. उलटा प्रवास, फार सावकाश.

डोळ्यांतल्या शंकुपेशी दहाएक मिनिटांत अंधाराला सरावतात. दंडपेशींना अर्धा तास लागतो, कधी अधिक. तेवढा वेळ बसायला हरकत नाही. आधी दाराची फट उमटते. मग खुर्चीची कड. काळ्यातही कमी काळं आणि जास्त काळं आहे, हे दिसू लागतं.

पुरेसं दिसू लागलं की गच्चीवर चला. तिथलं काम थोडकं आहे.

मीटर पाच मीटरवर भिंतीला टेकवून ठेवा. झोताचा मधला तेजस्वी भाग त्यावर आणा. समजा, ४०० लक्स दिसले. पाचाचा वर्ग २५. गुणले की १०,००० कँडेला. त्याचं वर्गमूळ १००, त्याची दुप्पट २०० मीटर. तेवढ्या अंतरावर हिचा उजेड पाव लक्स उरेल, म्हणजे निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेइतका. मानकात टॉर्चचा पल्ला तिथेच संपतो. पल्ला दुप्पट हवा तर तेज चौपट लागतं. म्हणून या आकड्याच्या मागे फार लागू नये असं माझं मत. कुणाच्या खिडकीवर झोत मात्र मारू नका.

खाली या. शेपटीचं झाकण पाव फेरा सैल करा. आटे ॲनोडाइज केलेले आहेत, त्यांतून वीज जात नाही. झाकणाची कड नळीपासून सुटली की बटन दाबूनही टॉर्च लागत नाही. खिशात घालून झोपायला गेलात तरी चालेल.

वही उघडा. हातातली चाचणी झाली. टेबलावरची उद्या, सेल पुन्हा ४.२ वर आल्यावर.