आधी आपलं सांगा

नवीन मूल भेटलं की आपण विचारतो, "नाव काय? गाव कोणतं? बाबा काय करतात?" विचारण्यात मायाच असते. पण यवतमाळला दीनदयाल बहुउद्देशीय प्रसारक मंडळाच्या वसतिगृहात पारधी बेड्यांवरची, म्हणजे वस्त्यांवरची, मुलं शिकायला राहतात. त्यांच्या बेड्यावर हेच प्रश्न पिढ्यानपिढ्या पोलिसांनी विचारलेत. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून कित्येक जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं. त्यांत पारधीही आले. तो कायदा 1952 मध्ये गेला. संशय काही गेला नाही. मग असं पोर परक्या माणसापुढे गप्प राहिलं, तर त्याला घुमं म्हणायचं की शहाणं?

शेतकरी बापाने जीव दिलेल्या घरातलं पोर वेगळ्या कारणाने गप्प होतं. त्या घरी पोलीस येतात, तलाठी येतो, पंचनामा होतो. मग पत्रकार, मग पुढारी. मदत मिळायची तर पोलीस-पंचनामा टळत नाही. पण घरचं दुःख दहा जण लिहून नेतात. पुढे आई मजुरीला लागते आणि पोर वसतिगृहात किंवा बालगृहात येतं. तिथेही त्याची फाईल असतेच. तिथल्या काका-ताईंना त्याच्याबद्दल सगळं ठाऊक, त्याला मात्र त्यांच्याबद्दल काहीच नाही. अशा एकतर्फी ओळखीत कोण मोकळं होईल?

बाल न्याय कायद्याच्या 2016 च्या नियमांत एक शहाणपणाची गोष्ट आहे. बालगृहात मुलांची सूचनापेटी कार्यालयापासून दूर, त्यांच्या खोल्यांजवळ लावायची. चिठ्ठी टाकताना कुणी बघणारं नको, एवढं नियम करणाऱ्यांना कळलं होतं. तरी मन मोकळं करायला पेटी पुरत नाही, माणूस लागतो.

म्हणून आज अशा मुलाशी बोलाल, तर विचारण्याआधी आपलं थोडं सांगा. शाळेत गणिताची भीती वाटायची, आईशी भांडण झालं होतं, असं काहीही. ते बोललं नाही तरी चालेल. रविवारी येतो म्हणालात, तर रविवारीच जा. त्याने काही सांगितलं, तर "बिचारा" म्हणत चारचौघांत ते उगाळू नका. त्याच्या जिवाला धोका असेल तेवढंच पुढे न्या, तेही त्याला सांगून. 18 वर्षं पूर्ण झाली की बालगृह सोडावं लागतं. तेव्हा रात्री-अपरात्री फोन करायला एक तरी नंबर जवळ हवा. तो तुमचा असू द्या.