सहाशे बारा यार्ड

माझ्या लॅपटॉपवर रायफलींची एक स्प्रेडशीट आहे. घरी आईला हे सांगितलेलं नाही. मी आयडाहो राज्यात बॉयझीला राहतो, कोड लिहून पोट भरतो, आणि माझ्याकडे बंदूक नाही. शीट बनवली ती टीममधल्या एका सीनियर सहकाऱ्यासाठी. तो माझ्या वडिलांच्या वयाचा आहे, पण इथे सगळंच अरेतुरे, तेव्हा 'तो'च म्हणतो.

दर ऑक्टोबरात तो एल्कच्या शिकारीला जातो. एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ म्हणता येईल असं हरीण. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या घरात जातो. सहकाऱ्याच्या वडिलांची ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम रायफल, लाकडी दस्ता आणि पोलादी नळी, दुर्बिणीसकट ४.६ किलो भरते. दोन-अडीच हजार मीटर उंचीवरच्या डोंगरात ती दिवसभर खांद्यावर वागवणं त्याच्या गुडघ्यांना जमेना. म्हणून नवी घ्यायची. दोन अटी होत्या. हलकी हवी, आणि लांबचं मारता आलं पाहिजे.

मला असले प्रश्न आवडतात. टायटॅनियमची ॲक्शन, पातळ पोलादावर कार्बन फायबर गुंडाळलेली नळी, कार्बन फायबरचाच दस्ता, लहान दुर्बीण. प्रत्येक भागाचे ग्रॅम एका रकान्यात, डॉलर दुसऱ्यात. तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत आम्ही हेच बोलत होतो. शेवटी तेच काडतूस डागणारी ३.२ किलोची रायफल ठरली. एखादी संथ क्वेरी दहापट जलद केल्यावर होतो तसा आनंद मला झाला होता. ती कशासाठी आहे, हे त्या तीन आठवड्यांत माझ्या मनात फारसं आलं नाही. खोटं कशाला बोला.

पण वजन काढलं की ते कुठेतरी निघतंच. गोळी तीच, दारू तीच, म्हणजे मागे येणारा धक्का तेवढाच. तो झेलणारं वस्तुमान मात्र कमी. धक्क्याची ऊर्जा वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. ४.६ वरून ३.२ किलोवर आलं की ती सुमारे १.४ पट होते. त्यावर उपाय म्हणून नळीच्या तोंडाला मझल ब्रेक लावायचा. तो धक्का कमी करतो आणि आवाज असह्य करतो. शिवाय हलकी बंदूक स्थिर राहत नाही. श्वासाने हलते, नाडीने हलते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मला तेव्हा किरकोळ वाटलं होतं: चाप ओढल्यावर ती इतकी उसळते की दुर्बिणीतलं जनावर दिसेनासं होतं. गोळी कुठे लागली हे मारणाऱ्याला दिसतच नाही. ते बघायला शेजारी दुसरा माणूस लागतो.

तो दुसरा माणूस म्हणजे मी.

आमच्या दोन अटींचं एकमेकींशी पटत नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. हलकी बंदूक घ्यायची ती डोंगर चढून जनावराच्या जवळ जाता यावं म्हणून. लांब पल्ल्याची घ्यायची ती जवळ जावंच लागू नये म्हणून. पूर्वी हे दोन गुण एका बंदुकीत सहसा नांदत नसत. लांबचा नेम हवा असेल तर जड नळी, जड दस्ता. आयडाहोच्या शिकारीच्या नियमांत एक मजेशीर कलम आहे: मोठ्या जनावरासाठीची बंदूक दुर्बीण, पट्टा वगैरे सगळं धरून १६ पौंडांपेक्षा, म्हणजे सव्वासात किलोंपेक्षा, जड असता कामा नये. एका डोंगरावर तोफेसारखी बंदूक रोवून समोरच्या डोंगरावरचं जनावर टिपण्याला या कलमाची अडचण होते. आमची ३.२ किलोची रायफल या कलमाखालून निम्म्याहून कमी वजनात सहज निसटते.

माझ्या आजोबांकडे कोकणात ठासणीची बंदूक होती. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. तिचा पल्ला पंचवीस पावलं. डुक्कर इतकं जवळ येईपर्यंत थांबायचं, आणि एक बार चुकला की पुन्हा ठासेपर्यंत डुक्कर तुमचा विचार करणार. आजोबा काही नीतिमान शिकारी होते असं मला म्हणायचं नाही. त्यांना प्रश्नच पडत नव्हता. तो बंदुकीनेच सोडवून ठेवला होता.

ऑक्टोबरात मी त्याच्याबरोबर गेलो, ओझी वाहायला. तिसऱ्या दिवशी दुपारी दरीपलीकडच्या उतारावर एक नर दिसला, आडवा उभा, तोंड डावीकडे. लेझर रेंजफाइंडरने ६१२ यार्ड दाखवले, म्हणजे सुमारे ५६० मीटर. अंधार पडायला दीड तास होता. दरी उतरून पुन्हा चढायची तर तासभर लागला असता, आणि वारा फिरून आमचा वास पोचला असता तर सगळंच गेलं असतं. तो म्हणाला, "इथूनच." उन्हाळाभर त्याने आठशे यार्डांवरच्या पोलादी पत्र्यांवर सराव केला होता. मी मोबाइलवरच्या ॲपमध्ये आकडे भरले. त्या अंतरावर गोळी अडीचेक मीटर खाली येते. ते सोपं आहे, गुरुत्वाकर्षण रोज तेच असतं. वारा तसा नाही. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिथवर गोळीला चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर ढकलतो. हातातलं वाऱ्याचं यंत्र आम्ही आडवे पडलो होतो तिथला वारा सांगत होतं: उजवीकडून पाच मैल. मधल्या दरीतलं कोण सांगणार? मी पाच वाचला. त्याने पाच धरला.

आवाज झाला, सुमारे अडीच सेकंदांनी गोळी लागल्याचा धप्प आवाज परत आला, एल्क चार पावलं गेला आणि बसकण मारून कोसळला. दोन्ही फुप्फुसं. पोचलो तेव्हा तो मेलेला होता. इथे खाण्याजोगं मांस रानात टाकून देणं गुन्हा आहे. रात्री हेडलाइटच्या उजेडात ते सोडवलं, आणि मग अडीच दिवस ते पाठीवरून खाली आणलं. त्यातलं आठ किलो माझ्या फ्रीजरमध्ये आहे. तांबडा रस्सा छान होतो.

मोठ्या दुर्बिणीला मोबाइल लावून मी सगळं रेकॉर्ड केलं होतं. घरी आल्यावर एका रात्री ते फ्रेम-फ्रेम करून पाहिलं, निव्वळ सवयीने. सेकंदाला साठ फ्रेम. बंदुकीच्या आवाजापासून गोळी लागेपर्यंत ४४ फ्रेम, म्हणजे पाऊण सेकंदाला जरा कमी. त्या ४४ फ्रेममध्ये एल्कने पाऊल उचललं होतं. त्याचं धड वीस-पंचवीस सेंटिमीटर पुढे, डावीकडे सरकलं होतं. आणि गोळी, मागच्या खडकाच्या खुणेवरून मोजलं तर, नेम धरला होता त्याच्या तेवढीच डावीकडे गेली होती. दरीतला वारा पाच नव्हता, दहा होता. एल्क उभा राहिला असता तर गोळी खांद्याच्या पुढच्या बाजूला, छातीच्या टोकाला किंवा पुढच्या पायाच्या हाडावर बसली असती, आणि मोडक्या पायाचं ते जनावर अंधारात रानात शिरलं असतं.

दोन बग एकमेकांना झाकतात आणि टेस्ट पास होते. आमच्या धंद्यात याहून वाईट काही नसतं, कारण मग तो कोड प्रॉडक्शनला जातो.

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी १९७६ मध्ये 'नैतिक नशीब' या कल्पनेवर एकाच परिसंवादात निबंध लिहिले. दोन ड्रायव्हर सारखेच बेफिकीर. एकाच्या गाडीसमोर मूल येतं, दुसऱ्याच्या येत नाही. चूक सारखीच असूनही आपण एकाला जास्त दोष देतो, ते बरोबर का? बहुतेक चर्चा दुर्दैवी ड्रायव्हरविषयी होते. मला आता दुसऱ्याची काळजी वाटते, जो सुखरूप घरी पोचला आणि ज्याला आपण ड्रायव्हर चांगले आहोत असं वाटतं. दुर्दैवी माणसाला निदान आपली चूक कळते.

आणि इथे तर कळण्याची सोयच आम्ही पैसे देऊन काढून टाकली होती. जुन्या जड रायफलीतून मारताना त्याला आपली गोळी लागताना दिसायची. नवीत दिसत नाही. तीनशे यार्डांवर पाच मैलांची तीच चूक पाच-सहा सेंटिमीटरची झाली असती. जनावराला कळलीही नसती. पत्र्यावरचा सराव खराच होता, पण पत्रा पाऊल उचलत नाही.

याला उत्तरं आहेत, आणि ती मी स्वतःलाच देऊन पाहिली. लांडगे एल्कला काही पाऊण सेकंदात मारत नाहीत. मी दुकानातून आणतो ती कोंबडी कशी जगली हे मी विचारत नाही. दोन्ही खरं आहे. पण लांडग्यापुढे तासभर चालून जवळ जाण्याचा पर्याय विचारार्थ नव्हता. आमच्यापुढे होता, आणि तो निवडता यावा म्हणूनच आम्ही एक किलो चारशे ग्रॅमला इतके डॉलर मोजले होते. थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने १८८७ मध्ये स्थापन झालेला बून अँड क्रॉकेट क्लब 'फेअर चेस'चा, म्हणजे जनावराला निसटायची खरी संधी असलेल्या शिकारीचा, पुरस्कार करतो. लांब पल्ला म्हणजे किती, याचा आकडा मात्र तो क्लब देत नाही. आकड्यापेक्षा मारणाऱ्याचा हेतू पाहा म्हणतो. इंजिनिअर म्हणून मला हे चुकारपणाचं वाटलं होतं. आता तितकंसं वाटत नाही. तरी आकडा नसला की तो जाहिरातवाले भरतात.

सहकाऱ्याने मित्रांना दाखवायला व्हिडिओ मागितला. मी दोन आठवडे टाळलं. शेवटी जेवताना लॅपटॉप उघडून त्याला ४४ फ्रेम दाखवल्या, एकेक. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वारा मी चुकवला." मी म्हणालो, मी वाचला होता. त्यावर तो म्हणाला की दरीपलीकडचा वारा लेझरने मोजणारी यंत्रं येतायत, वजन किती असेल?

मी शीटमध्ये यंत्राचा रकाना टाकला नाही. 'कमाल अंतर' नावाचा टाकला आणि त्यात ३०० लिहिलं. दोन दिवसांनी तिथे ५०० होतं. मी ३५० केलं. तो त्यावर काही बोलला नाही, मीही नाही. शीटच्या व्हर्जन हिस्टरीत दोघांची नावं खालोखाल दिसतात. सध्या तिथे ४२५ आहे. काल रात्री पावणेबाराला त्याने बदललेलं.